चष्म्याच्या दुकानात

खारू एकटीच चपला घालून बाहेर पडली, तेव्हा पडदे शिवत बसलेल्या तिच्या आईच्या हातातली कात्री हातातच राहिली. पंधरा वर्षांची ही स्वमग्न मुलगी आईचं बोट सोडून कधी कोपऱ्यापर्यंतही गेली नव्हती.

आई तशीच मागे धावली. मनातून चरकली होती. सकाळी तिनेच रागाच्या भरात घरातल्या इंटरनेटची वायर उपटली होती. सहावीत असताना खारूला मोबाइलवर दीपगृहांचे व्हिडिओ पाहायचा नाद लागला. आधी तासभर, मग जेवताना, मग शाळा बुडवून. हल्ली तर हाका मारून घसा बसला तरी मान वर होत नसे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा." पण आज पुन्हा ताट तसंच निवलेलं दिसलं आणि आईचं डोकं फिरलं. खारू ना रडली, ना ओरडली. मोबाइल छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली. आणि आता ही अशी निघाली होती.

रस्त्याच्या कडेला ती थांबली. दोन्हीकडे पाहिलं, गाड्यांच्या आवाजाने कान झाकून घेतले आणि पलीकडे गेली. चष्म्याच्या दुकानाशी घुटमळली. मग आत शिरली.

हाताला धरून परत आणावं म्हणून आई दारापर्यंत पोहोचली, पण काचेबाहेरच खिळून राहिली. खारूचे ओठ हलत होते. परक्या माणसासमोर पोरीने तोंड उघडावं म्हणून आईने काय काय करून पाहिलं होतं! घरी कुणी आलं की ही पलंगाखाली. इथे मात्र ती चष्मेवाल्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत चक्क बोलत होती. त्याला ऐकू गेलं नसावं. तो पुढे वाकला. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. मग बाकावर बसून तिने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आई डोळे पुसत आत गेली. "काय म्हणाली हो ती?"

"तुमची का मुलगी? गोड आहे," चष्मेवाला हसला. "वायफायचा पासवर्ड मागितला. आधी 'काका' म्हणाली, मग 'प्लीज' म्हणाली. नाही कसं म्हणणार?"

आईला हसावं की रडावं कळेना. खारूने मान वर केली नाही, पण जराशी सरकून आईला बाकावर जागा करून दिली.

आई मात्र काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "दादा, एवढं एक करा माझ्यासाठी. तो पासवर्ड रोज बदलत जा."