चालू नळ

अर्धशिशी ठणकायला लागली की डोळे मिटायचे, दुखण्याशी भांडायचं नाही, नुसते आवाज ऐकायचे, असं समुपदेशक बाईंनी शिकवलं होतं. मुलीला ती शुद्ध थाप वाटे. आईला मुलीचं दुखणंच थाप वाटे. "परीक्षा आली की हिला अंधार लागतो," ती येईल त्याला सांगायची. आजही कपाळावर ओली पट्टी ठेवून मुलगी ऐकत पडली. पंखा ऐकू आला, मग न्हाणीघरातला नळ; खाली बादली नाही, नुसताच फरशीवर वाहणारा. म्हणजे आई पाण्याच्या आवाजाआड मावशीला फोन करून आपल्या चहाड्या सांगतेय. रंगेहाथ पकडायला ती दबक्या पावलांनी गेली, दार ढकललं आणि खटकन दिवा लावला. फोन नव्हताच. आई कपाळाला ओला रुमाल बांधून ओकारी दाबत होती. "कधीपासून?" "तुझ्याएवढी असल्यापासून," आई डोळे झाकत पुटपुटली. "आधी तो दिवा घालव."