कोरडा प्लग

पाचव्या किकलाही स्कूटर सुरू झाली नाही, तेव्हा कुठे बाइंडरच्या बायकोने धरून ठेवलेला श्वास सोडला आणि बंद केलेला गॅस पुन्हा पेटवला.

अंगणात बाइंडरनेही लांब सुस्कारा सोडला. तिने तो खिडकीतून ऐकला. किती हिरमुसले बिचारे, तिला वाटलं.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधून निवृत्त झालेला हा माणूस तीन महिन्यांपूर्वी रस्त्यात चक्कर येऊन पडला होता. दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून पडून असे. त्याला धीर द्यायला ती म्हणाली होती, "लवकर बरे व्हा. ती स्कूटर नीट करा आणि मला मागे बसवून तळ्यापर्यंत न्या."

दवाखान्यात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण घरी आल्या आल्या बाइंडरने अठरा वर्षं जिन्याखाली गंजत पडलेली स्कूटर अंगणात ओढली आणि तो पुन्हा बोलायला लागला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "चालवू देऊ नका. हँडल हातात असताना चक्कर आली तर संपलंच."

हे नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही. तिने प्लगपाना उचलला.

दुपारी तो झोपला की ती नवा प्लग काढी, त्याच्या जागी जुना, जळका बसवी आणि नवा साखरेच्या डब्यात पुरून ठेवी. काम सोपं होतं. प्लग दर वेळी कोरडा ठणठणीत निघे. हाताला पेट्रोलचा वाससुद्धा लागत नसे. डब्यात आता तीन प्लग झाले होते आणि चहा करताना जपून चमचा घालावा लागत होता.

"काका, तुमच्या हाताला प्लग मानवत नाहीत," गॅरेजचा मिस्त्री अंगणात चौथा प्लग देत म्हणाला. "ठिणगी आली की झालं. त्यातूनही नाहीच झाली, तर पेट्रोलची नळी बघायची. बाकी हिला धाड भरलेली नाही."

"नळी मी बघितली आहे," बाइंडर घाईने म्हणाला. "तिला हात लावू नकोस."

मधल्या काळात त्याने सीट मात्र देखणी केली. पुस्तकबांधणीतून उरलेलं लाल चामडं, मेण लावलेला पांढरा दोरा आणि त्याची ती खास गाठ. वर्षानुवर्षं सुटणार नाही, पण मोकळं ठेवलेलं टोक ओढलं की क्षणात उलगडेल. चाळीस वर्षांत ती दुसऱ्या कोणाला जमली नव्हती.

चौथा प्लग बसवला त्या दिवशी त्याने अर्धवट जेवून ताट बाजूला सारलं.

"अगं, तू एवढ्या हौसेने म्हणाली होतीस. तेवढंही माझ्याच्याने होत नाही."

तिला वाटलं, स्कूटरने जाण्याआधी हा माणूस असाच झुरून जायचा. दुपारी तिने चौथा प्लग होता तिथेच राहू दिला. पडलोच तर दोघं पडू, असं तिने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून अंगणात आली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"हे काय?" बाइंडर दचकला.

"तळ्यावर जायचंय ना? मारा किक."

"आधी सुरू तर होऊ दे!"

"आज होणार. मला माहीत आहे."

बाइंडरचा चेहरा पांढराफटक पडला. तिने डोळे मिटले. एक किक. दुसरी. पाचवी. नववी. प्रत्येक किकला तिला रस्ता दिसत होता, वळण दिसत होतं, समोरून येणारा ट्रक दिसत होता.

स्कूटर सुरू झाली नाही.

"मी म्हटलं नव्हतं?" बाइंडर म्हणाला. त्याने कपाळ पुसलं, तोच लांब सुस्कारा सोडला आणि त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला.

ती मात्र चक्रावली. चांगला प्लग होता, मग झालं काय? रोजच्या खटपटीत आपणच दुसरं काही बिघडवून ठेवलं की काय? दुपारी तो घोरायला लागल्यावर ती पुन्हा अंगणात गेली. प्लग काढला. कोरडा. मिस्त्रीचं बोलणं आठवलं म्हणून तिने पेट्रोलची नळी ओढून काढली. थेंबसुद्धा आला नाही. तिने करंगळी आत घातली. आत काहीतरी घट्ट बसलेलं होतं, आणि बोटाला दोऱ्याचं टोक लागलं. तिने ते ओढलं.

लाल चामड्याचा छोटासा बोळा बाहेर आला. त्याला मेण लावलेला पांढरा दोरा गुंडाळलेला होता, आणि टोक ओढताच गाठ तिच्या हातात क्षणात उलगडली.