छातीवरचा कोंबडा

कॉलेजात लेकीला असाइनमेंट मिळाली होती: आवडत्या फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह कमीत कमी रेषांत नव्यानं काढायचं. तिनं बाबांचाच क्लब निवडला. बाबा तिथले जुने गोलकीपर. पेनल्टी आली की जर्सीवर दोऱ्यानं भरलेल्या क्लबच्या कोंबड्यावरून अंगठा फिरवायचे, मगच हात पसरायचे. आता त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ती एकेक बदल सांगत होती. "पिसं उडवली. शेपटी छाटली. पायही गेले." "अगं, चिन्ह काढतेयस की कोंबडी सोलतेयस?" तिनं हसत प्रिंट त्यांच्या हातात दिली. अंगठा गुळगुळीत कागदावर चाचपडत राहिला. "छान असेल," म्हणत त्यांनी कागद परत केला. रविवारी तिनं तोच कोंबडा जाड दोऱ्यानं त्यांच्या शर्टावर भरला. बाबांचा अंगठा चोचीवरून वर चढला, तुऱ्यावर थांबला. खुर्ची मागे सारून ते हात पसरून उभे राहिले. "हं, मार आता!"