नाव तिनेच सांगायचं

“तुमच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तर अर्ज तिथल्या तिथे फेटाळीन,” नोंदणी अधिकारी बाईंनी प्रॉम्प्टरला बजावलं. आईबापाचं लग्न झालेलं नसलं, तर जन्मनोंदीसाठी बापाचं नाव आईने स्वतःहून सांगायचं, कोणी सुचवायचं नाही, असा नियम होता.

प्रॉम्प्टरने मान डोलावली. त्याची हयात विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात गेली होती. त्याला गप्प बसायला सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखंच.

शेजारच्या खुर्चीवर त्याच्याच कंपनीतली नटी बसली होती. तिच्या मांडीवर दोघांची लेक भिंगरी आईच्या पर्सची चेन उघड-बंद करत होती. वर्षभर दोघं वेगळी राहत होती, आणि दोष प्रॉम्प्टरचाच होता. नाटकात ठीक आहे, पण हा गडी घरीही प्रॉम्प्टच करायचा. डॉक्टरांनी हिला विचारावं, कुठे दुखतंय, आणि उत्तर याने द्यावं. शेवटी तर त्याने अख्ख्या कंपनीला लग्नाची तारीख सांगून टाकली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नवरीला विचारायचं तेवढं राहून गेलं. त्याच संध्याकाळी ती भिंगरीला घेऊन निघून गेली.

मध्यंतरी भिंगरी तापाने फणफणली. तो धावत इस्पितळात गेला. “तुम्ही पेशंटचे कोण?” नर्सने विचारलं. बाप म्हणून त्याची कुठेच नोंद नव्हती. सगळ्यांना शब्द पुरवणारा माणूस दाराबाहेर मुका उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याने अर्ज केला. नटी आज आली खरी, पण नाव घेईन असं काही तिने कबूल केलं नव्हतं.

“बोला,” अधिकारी बाई तिला म्हणाल्या. “या मुलीचे वडील कोण?”

नटीने तोंड उघडलं आणि मिटलं.

प्रॉम्प्टरचा जीव टांगणीला लागला. वाक्य अडलं की तिचा अंगठा बोटावर घासला जायचा, आणि त्या खुणेवर तो शब्द टाकायचा. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं स्वस्थ होती. म्हणजे ती अडली नव्हती, मुद्दाम थांबली होती. नाव त्याच्या अगदी ओठांवर आलं, आणि तेही स्वतःचंच! त्याने खुर्ची घट्ट धरली, दात आवळले आणि गप्प राहिला.

मग नटीने नाव घेतलं. त्याचं, त्याच्या वडिलांचं, आडनावासकट, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात. बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा डोकावून बघायला लागली. अधिकारी बाईंनी शिक्का मारला. प्रॉम्प्टर एकाच वेळी हसत होता आणि रडत होता. भिंगरी त्याच्या खांद्यावर कधी चढली, ते त्यालाही कळलं नाही. आता कुठल्याही दारात तो तिचा बाप होता.

“नाव माहीत होतं, तर एवढा वेळ का लावलात?” अधिकारी बाईंनी विचारलं.

उत्तर द्यायला प्रॉम्प्टरने तोंड उघडलं, आणि चटकन मिटून घेतलं.

“नाव पहिल्या दिवसापासून पाठ आहे, मॅडम,” नटी म्हणाली. “हा मला ते बोलू देतो का, तेवढंच बघायचं होतं.”