दगडाची उजवी बाजू

रादोयका कोठीतून बाहेर आली ती दोन्ही हातांत एकेक ओला फोटो धरूनच. एक नवऱ्याचा, एक स्वतःचा. मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या बाजूला सारून तिने कोठीतच फोटो धुण्याचा सगळा पसारा मांडला होता.

"आली एकदाची!" सासू विदोसावा म्हणाली. "मिलोयेची दुसरी कॉफी संपली. फोटो धुतेस की चादरी?"

मिलोये गावचा पाथरवट. शनिवारी रादोयकाच्या नवऱ्याला, द्रागुतिनला, जाऊन वर्ष होणार होतं, त्याआधी कबरीवर दगड उभा राहायला हवा होता. डावीकडे द्रागुतिन, उजवीकडे त्याची बायको. तिचा चेहरा, नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. बायको जिवंत आहे, अवघी एक्केचाळीसची आहे, याचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. रेघेपुढचा आकडा काय, मागाहूनही कोरता येतो!

रादोयकाने नवऱ्याचा फोटो मिलोयेपुढे ठेवला. सासूने तिच्या हातातला दुसराही ओढून घेतला आणि त्याला दिला.

त्याने तो खिडकीशी धरला. लोक त्याला मोबाईलवरचे रंगीत फोटो दाखवून डोकं खायचे. हा कृष्णधवल, सावल्या कशा स्वच्छ!

"वा! कुणी काढला, वहिनी?"

"मीच. पिठाच्या डब्यावर कॅमेरा ठेवला, बटण दाबलं आणि पळत जाऊन बसले."

सासूने फोटो नीट पाहिला. गळ्यापर्यंत बंद काळा झगा, मागे घट्ट बांधलेले केस. वर्षभरात पहिल्यांदा तिने सुनेचं कौतुक केलं. "अशी राहा की गं! किती शोभतंय काळं. त्या कॅमेऱ्याच्या खुळाचा एकदाचा उपयोग झाला म्हणायचा."

गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण गप्प बसेल ती रादोयका कसली!

"आई, तो झगा काळा नाही. लाल आहे."

"काय?"

"ह्या फिल्मला लाल दिसतच नाही. लाल ते सगळं काळं येतं. जाळून टाक म्हणालात ना, तोच झगा."

सासूने हात झटकला. मिलोयेला हसू आलं, ते त्याने कपात लपवलं. पण म्हातारी कसली हार मानते!

"असू दे. दगडावर कुणाला कळतंय? कोर रे तू!"

"कोरायचा नाही," रादोयका म्हणाली. "हा मी माझ्यासाठी काढलाय. द्रागुतिनसाठी मी रडले, दर शनिवारी मेणबत्ती लावते, कुणी सांगावं लागत नाही. पण माझ्या नावापुढे रेघ मारू देणार नाही. मी मेलेले नाही."

"लोक तोंडात शेण घालतील! अर्धा दगड कोरा? माझा चेहरा तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी दगडावर तेहेतीस वर्षं आहे. मी मेले का?"

टोमणाच होता तो. पण तोंडातून निघाल्यावर तिचा तिलाच तो ऐकू आला. ती एकदा सुनेकडे, एकदा मिलोयेकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"अडतीसची होते मी तेव्हा," ती म्हणाली.

मिलोयेने वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली. त्याला दुपारच्या आत दुसऱ्या गावी जायचं होतं.

"मग मावशी, उजवीकडे काय कोरू?"

रादोयका तोंड उघडणार तोच म्हातारी त्याच्यावर खेकसली.

"बहिरा आहेस का रे मेल्या? जिवंत आहे ती!"