गाडी वहिनी आणेल

"गाडी वहिनी आणेल," दीर म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलासुद्धा.

पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्यांवर सगळं कुटुंब बसलं होतं. पुढच्या रविवारी रबरी होडीतून नदीने खाली जायचं ठरत होतं, आणि त्याआधी प्रत्येकाने इथे पाण्यात पडून दाखवायचं, असा यंदाच्या नव्या होडीवालीचा नियम होता. होडीत तिच्याखेरीज चौघांची जागा. माणसं पाच. मंडळी खालच्या धक्क्यावर उतरणार, तेव्हा तिथे गाडी तयार हवी. गाडी चालवता घरातल्या सगळ्याच मोठ्यांना यायची, पण रोज शाळेची व्हॅन हाकणारी वहिनी असताना इतरांनी कशाला तोशीस घ्यायची? दिराचं नियोजन नेहमी असं बिनतोड असायचं.

वहिनीला ही सहल तोंडपाठ होती, फक्त उलट्या बाजूने. दरवेळी ती धक्क्यावर टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन उभी असे. मंडळी ओलीचिंब, हसत हसत उतरत आणि त्या वळणाबद्दल बोलत, जिथे दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात आणि पाणी हिरवंगार होतं. रस्ता तिथे जात नाही. तो डोंगराला वळसा घालून मागून येतो. वहिनीने त्या डोंगराची पाठ तेवढी पाहिली होती. तिला ते वळण बघायचं होतं, अगदी जीव तुटेल इतकं बघायचं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी तोंड उघडलं नव्हतं.

आज उघडलं. "मलाही पडून दाखवायचंय."

नवरा हसला. "अगं, तोंडावर पाणी उडालं तरी तुझा श्वास अडकतो."

"आणि पोहता कुठे येतं तुला, वहिनी?" दीर म्हणाला.

"पोहण्याची परीक्षा नाहीये ही," होडीवाली लाइफ जॅकेटचे पट्टे सोडवत म्हणाली. "पडल्यावर माणूस सांगितलेलं ऐकतं का, एवढंच बघायचंय मला. आधी तुम्ही या, साहेब."

कॉलेजात असताना दीर पोहण्यात पहिला यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं; ज्यांना नव्हतं त्यांना तो सांगायचा. उपकार केल्यासारखं त्याने जॅकेट अंगावर चढवलं. उताणं व्हायचं, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर, आणि मी ओढून घेईपर्यंत हालायचं नाही, असं होडीवालीने पुन्हा एकदा बजावलं. दीर पाण्यात पडला तो पालथाच, आणि सपासप हात मारत त्याने समोरची भिंत गाठली.

"छान पोहता," ती म्हणाली. "नापास."

"अहो, पोचलो की मी."

"इथे भिंत आहे. नदीत तुम्ही होडीपासून लांब गेला असतात, आणि उभं राहायला गेलात की पाय दगडात अडकलाच. पुन्हा करा."

त्याने पुन्हा केलं. या खेपेला उताणा झाला खरा, पण हात काही गप्प बसेनात. पुन्हा एकदा भिंतीला जाऊन थडकला तेव्हा त्याची बायको दुसरीकडे बघायला लागली. ती स्वतः पहिल्या फटक्यात पास झाली. वहिनीचा नवराही पास झाला. वहिनीची मुलगी तर पाण्यात पडल्यापडल्या जांभई देऊन आली.

मग वहिनी उठली. होडीवालीने तिच्या जॅकेटचे पट्टे आवळले, खांद्याला धरून ते वर खेचून बघितलं. कानापर्यंत आलं नाही.

"भीती वाटतेय?"

"खूप."

"बरंय. घाबरलेलं माणूस ऐकतं." तिने शेवटचा पट्टा ओढला. "तरंगायचं काम जॅकेटचं. तुम्ही काही करायचं नाही."

"हे काम मला अजून कुणी सांगितलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

तिने पाण्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. पाणी नाकात गेलं, घशात गेलं. हातपाय झाड, झाड, असं अंगातलं सगळं ओरडत होतं. तिने ते झाडले नाहीत. पाय पुढे, बोटं वर. जॅकेटने तिला अलगद उचललं. ठसका लागला, तोही तिने उताण्या उताण्याच काढला. मग हळूहळू श्वास ठिकाणावर आला.

वर मोकळं आभाळ होतं. समोर पायाची बोटं ओळीने पाण्याबाहेर आली होती आणि ती आपलीच आहेत, याची तिला गंमत वाटली. कड्यांमधून जाताना ती अशीच दिसतील, असं मनात आलं आणि इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"पास," होडीवाली म्हणाली. ओढून घ्यायला ती वाकली होती, पण वहिनीचा चेहरा बघून तिने हात मागे घेतला.

मुलगी टाळ्या पिटत काठाकाठाने धावली. नवरा आ वासून बघतच राहिला. दीर टॉवेल गुंडाळून पुढे आला.

"ते सगळं ठीक आहे. पण मग गाडी कोण आणणार?"

त्याने भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दोघंही त्याच्याचकडे बघत होती. मग त्याने पाण्याच्या दिशेने हाक मारली, "वहिनी, अगं, गाडी कोण आणणार?"

वहिनीचे दोन्ही कान पाण्याखाली होते. पाय पुढे करून, मजेत, ती तलावाच्या मधोमध निघाली होती.