कागदावरचा माणूस

“एक माणूस नुसता कागदावर आहे,” मोठ्या बाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, “आणि उद्या तपासणीचे साहेब येतायत. कसं निभावायचं गं?”

विज्ञानाच्या बाई मुख्याध्यापिकेच्या दारातच थबकल्या. चोरून ऐकणं त्यांना शोभत नव्हतं, पण पाय हलेनात.

“अगं, एक शिक्षक जरी कमी भरला तरी नववीचा वर्ग बंद करतात. पोरांनी जायचं कुठं? म्हणून नाव घातलं. तास आम्ही वाटून घेतो. हो, पोरांनाही पढवलंय. उघडकीला आलं तर वर्ग गेला आणि माझी नोकरीही.”

तो माणूस कोण, हे ओळखायला विज्ञानाच्या बाईंना डोकं लढवावं लागलं नाही. भूगोलाचे सर! नाव सगळ्यांच्या तोंडी, पण माणूस बघितलाय कुणी? मैदानापलीकडच्या खोलीत शिकवतात म्हणे. खिडकी उघडी ठेवण्यावरून गाण्याच्या सरांशी बिनसलं म्हणे, म्हणून स्टाफरूममध्ये पाऊल टाकत नाहीत म्हणे. सगळं आपलं म्हणे! बाई एकदा मुद्दाम मैदान ओलांडून गेल्या, तर खोलीला हे एवढं कुलूप.

तशा बाई या शाळेत सुखात नव्हत्याच. सहकाऱ्याचा मान राखावा, ही रीतच इथं कुणाला ठाऊक नव्हती. त्यांच्या तासाला कुणी ना कुणी येऊन टपकायचं. आज गाण्याचे सर, उद्या खुद्द मोठ्या बाई. मुकाट मागच्या बाकावर बसतील तर शपथ! सरळ खडू उचलून शिकवायलाच लागायचे. बाई फळ्याशेजारी उभ्या राहून ओठ चावायच्या. परवा गाण्याच्या सरांनी चुंबकाच्या उत्तर ध्रुवाला उत्तर ध्रुव चिकटवून दिला, आणि तोही चालीत.

“अहो, ते एकमेकांना ढकलतात!” बाई ओरडल्या होत्या. सर आपल्याच तालात.

पण आता गोष्ट चुंबकाची नव्हती. मधल्या सुट्टीत सगळे स्टाफरूममध्ये जमले, तेव्हा बाईंनी सरळ विषय काढला.

“खोटं ते खोटं. मी उद्या साहेबांना सांगणार.”

खोली एकदम गार पडली.

“कुणीतरी ती खिडकी लावा हो,” चित्रकलेच्या बाई दंड चोळत म्हणाल्या. “अंगावर काटा आला बघा.”

“काटा यायचाच,” गाण्याचे सर म्हणाले. “साहेब विचारणार, आणि आपण काय सांगणार? आजारपण मागल्या वेळी वापरून झालं.”

“मग या वेळी आई आजारी पाडा.”

“ज्या माणसाचाच पत्ता नाही, त्याला आई कुठून आणू? ती पण मीच जन्माला घालू?”

“थट्टा पुरे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नुसत्या माना हलवा.”

“तुमची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसायचं का?” विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. “मलाही झोप लागत नाही हो,” त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

विज्ञानाच्या बाईंना त्यांची दया आली. दगडाची नव्हती ही बाई. वर्ग वाचवायलाच हे केलं होतं तिनं. पण खोटं गिळणं विज्ञानाच्या बाईंना जमतच नव्हतं. त्यांचा पिंडच तसा होता. का तसा, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. किडकिडीत माणूस, बूट करकरणारे. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी चहावर फुंकर मारली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

विज्ञानाच्या बाई उठून उभ्या राहिल्या. “साहेब, मला काही सांगायचंय.”

तेवढ्यात दार ढकलून एक जाडसर गृहस्थ आत आले. काखेत नकाशाची गुंडाळी, कपाळावर घाम.

“हे आमचे भूगोलाचे सर,” मोठ्या बाई लगबगीनं म्हणाल्या.

विज्ञानाच्या बाई बघतच राहिल्या. काय ही हिंमत! आयत्या वेळी कुठून तरी सोंग पकडून आणलं होतं! आता मात्र हद्द झाली.

“साहेब, हा माणूस खोटा आहे!” त्या ओरडल्या. “असे कुणी सर या शाळेत नाहीतच!”

साहेबांनी चहाचा घोट घेतला. एकानंही मान वळवली नाही.

भूगोलाच्या सरांनी नकाशा भिंतीला टेकवला. “साहेब, मला राहवत नाही,” ते म्हणाले. “खिडकीचं भांडण नुसतं निमित्त होतं. या खोलीत एक खोटं शिजतंय, म्हणून मी इथं येणं सोडलं.”

“सर, नका,” मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या. “त्या पोरांचा विचार करा.”

विज्ञानाच्या बाई गोंधळल्या. खोटं उघडं करणारं हे वाक्य तर त्या बोलणार होत्या. ते यानं कसं पळवलं?

“खूप विचार केला, बाई.” सर साहेबांकडे वळले. “विज्ञानाला आमच्याकडे कुणीच नाही, साहेब. त्या बाई आम्हीच रचल्या. पालक त्यांच्याबद्दल विचारायचे, मग ज्यानं त्यानं पदरचं थोडं थोडं घालायचं. उंची मोठ्या बाईंनी दिली, चष्मा चित्रकलेच्या बाईंनी. आणि त्या मेल्या तरी खोटं बोलायच्या नाहीत, ही भर माझी.”